सातव्या दरवाज्याची तेवीस पानं

माझं वेळापत्रक चुकत नाही. चालक चुकतात, प्रवासी चुकतात, गाड्या तर मुद्दाम चुकतात, वेळापत्रक नाही. बासष्ट बसगाड्या, दिवसाला चारशे दहा फेऱ्या, आणि डेपोच्या कोपऱ्यातल्या खोलीत मी एकटी बाई. सोळा वर्षं झाली. कोणाला ही आढ्यता वाटत असेल तर खुशाल वाटो.

आता खेळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. दर रविवारी तीन ते सात आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं: मी दार ठोठावतो, मी पळतो, मी त्या म्हातारीला धडधडीत खोटं सांगते. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि ते दार, ती म्हातारी, ते अख्खं जग सांभाळायला एक माणूस लागतो. खोक्यावर त्याला गेम मास्टर असं लिहिलंय, आमच्याकडे सूत्रधार म्हणतात. सूत्रधार मी. दुसरं कोण असणार?

खेळणारे चौघं. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. खेळात हे ढालकरी सरदार, समोरून आलेला हत्तीही ज्यांना दिसत नाही असे. थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं, हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. आठवडाभर त्यांच्यासमोरची माणसं झोपलेली असतात, त्यामुळे रविवारी त्या सगळं बोलून घेतात. खेळात त्या वैदीण. खालच्या मजल्यावरचे नळवाले भाऊजी खेळात गवई आहेत, आणि नऊ वर्षांत एकदाही सुरात गायलेले नाहीत. चौथी माझी लेक, कुलूपफोडी. जगातलं कुठलंही कुलूप तिच्यापुढे टिकत नाही. पहिल्यांदा खेळायला बसली तेव्हा नऊ वर्षांची होती, खुर्चीवर दोन उशा टाकून बसवली होती. आता अठराची आहे.

तर त्या लेकीला जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. दोन दिवसांचा प्रवास, वसतिगृह, चार वर्षं, आणि वर्षातून एकदा सुट्टी. पत्र आलं तेव्हा निघायला बरोबर सात आठवडे होते. मी पेढीवरच्या कारकुनासारखं ते पत्र दोनदा तपासलं, अभिनंदन म्हणाले, तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सरळ नवी वही काढली.

तिला जाताना असा शेवट द्यायचा की जन्मभर आठवेल, हे मी त्याच क्षणी ठरवलं. सात आठवडे, सात रविवार, म्हणून सात दरवाज्यांचं शहर. दर रविवारी एक दरवाजा. सातव्याच्या आत काय आहे ते मी पहिल्याच आठवड्यात लिहून काढलं, तेवीस पानं, कारण शेवट हातात असला की मला झोप लागते. मग रंगीत पेन्सिली घेऊन तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. निळी माझी ड्यूटी, हिरवं घरकाम, लाल खेळाची तयारी. रोज संध्याकाळी सात ते दहा लाल.

"नमनालाच घडाभर तेल," तक्ता बघून हे म्हणाले.

"तुम्ही तुमच्या काचा पुसा," मी म्हणाले.

पहिल्या दरवाज्याची अकरा पानं झाली. पहारेकरी, त्याचे तीन भाऊ, भिंतीवरचं शेवाळ कुठल्या बाजूला जास्त आहे, सगळं. रविवारी मंडळी शहरासमोर पोहोचली आणि नळवाले भाऊजींनी विचारलं, "दरवाज्यातून कशाला जायचं, वहिनी? बाजूला नदी आहे ना? होडी असेलच एखादी."

माझ्या अकरा पानांत होडी नव्हती. पण सूत्रधारानं नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी म्हणाले, आहे, एक नावाडी आहे, आणि त्याला सर्दी झालीय. मलाच त्या दिवशी सर्दी होती, दुसरं कारण नाही. प्रत्येक वल्ह्याला तो शिंकणार आणि होडी गर्रकन फिरणार. चार तास त्या होडीत गेले. वन्संनी त्याला काढा पाजला, भाऊजींनी शिंकेच्या तालावर गाणं रचलं, लेक हसून हसून टेबलाखाली गेली. माझा पहारेकरी मात्र शेवटपर्यंत कोणाला दिसला नाही.

दुसरी एखादी खूश झाली असती. मी चिडले. अकरा पानं मुसळ केरात! पुढच्या रविवारी अशी फजिती नको म्हणून आठवडाभर बसून मी त्या नावाड्याचीच चौदा पानं लिहिली. गाव, पहिली बायको, कुठल्या फुलाच्या वासानं शिंका येतात, होडीचं लाकूड. रविवारी तो पुन्हा आला. ह्यांनी विचारलं, "काय रे, होडीला नाव काय तुझ्या?" मी म्हणाले, "थांबा हं, पान नऊ." पान नऊवर नव्हतं, बारावर होतं. पाच वाजता भाऊजींनी जांभई दिली. सव्वापाचला वन्संची मान कलली. आयुष्यभर दुसऱ्यांना भूल देणाऱ्या बाईला मी भूल दिली!

यावरून शहाण्या माणसानं काय धडा घेतला असता? मी असा घेतला, की चौदा पानं कमी पडली.

आणि या सगळ्या दिवसांत संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकटक व्हायची.

"आई, ट्रंक घ्यायला येतेस?"

"उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर गेली. ह्यांनी ट्रंक चांगली आणली आणि तिची किल्ली दोन दिवसांत हरवली. मग बुटांसाठी टकटक. मग, "आई, चादर कुठली नेऊ, जाड की पातळ?" मी मान वर न करता म्हणाले, बाबांना विचार. बाबांना चादरीतलं काय कळतं? पण मी तिसऱ्या दरवाज्याच्या पायऱ्या मोजत होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ती आत येऊन टेबलापाशी उभी राहिली. "आई, चालायला येतेस?"

"कुठे?"

"कुठे नाही. नुसतंच."

"बाळा, अगं बघतेस ना? रविवार तोंडावर आलाय."

ती बरं म्हणाली आणि गेली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठले, तर ही फ्रिजसमोर उभी, तक्त्यावर बोट ठेवून.

"यात मी कुठे आहे?"

"हे काय. रविवार, तीन ते सात."

"तिथे आत्यापण आहे. नळवाले काकापण आहेत."

"अगं, हे सगळं लाल कोणासाठी आहे? तुझ्याचसाठी मरमर मरतेय ना मी?"

"मला लाल नकोय, आई. सातातले अडीच आठवडे गेले."

मला राग आला. खूप आला. दोन रजा खर्ची घालून, डोळे फोडून मी लिहायचं आणि हिनं हिशोब मागायचा? "मग बंदच करू या खेळ," मी म्हणाले. "सुटलो सगळे."

"बंद नको. मला खेळ हवाय. आणि तूपण हवीस." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "सगळ्या गावाच्या गाड्या बसवतेस. एवढं बसत नाही का तुझ्या वेळापत्रकात?"

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!" मी ओरडले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी वहीसमोर जाऊन बसले, दहा वाजेपर्यंत एक ओळ लिहिली नाही, आणि मग रडले. सोळा वर्षांत वेळापत्रकावरून मला कोणी बोललं नव्हतं. आणि बोलली ती खरं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसची गाडी मोठ्या पुलाच्या अलीकडे बंद पडली. असं रोज काहीतरी पडतंच. मी फोन उचलला, राखीव गाडी सोडायला सांगितली आणि फोन ठेवला. डेपोत दोन गाड्या कायम राखीव उभ्या असतात. त्यातल्या एकीवर आमचे सर्वांत जुने चालक असतात, सगळे त्यांना आबा म्हणतात. गाडीशेजारी उभं राहून पेपर वाचायचा, चहा प्यायचा, बोलावलं की निघायचं. नऊ वाजता आबा परत आले आणि सही करायला माझ्या खोलीत आले.

"मॅडम, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. आबा, एक सांगा. आज कुठे पाठवतील हे तुम्हाला सकाळी माहीत नसतं. धास्ती नाही वाटत?"

आबा हसले. "धास्ती कसली? टाकी भरलेली असते, ब्रेक बघितलेले असतात, रस्ते पाठ आहेत. कुठे उतरायचं ते प्रवासी सांगतातच की."

ते सही करून गेले आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कारण राखीव गाड्यांची ही पद्धत कोणी आणली? मी! माझ्या आधी त्या खुर्चीवर जे साहेब होते, त्यांनी प्रत्येक बिघाडाचं वेगळं वेळापत्रक करून ठेवलं होतं. पुलावर बंद पडली तर पान अमुक, शाळेसमोर पडली तर पान तमुक. दोनशे चाळीस पानं. आणि गाडी नेमकी तिसऱ्याच ठिकाणी पडायची. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात ती वही मी माझ्या हातानं रद्दीत घातली होती, वर त्यांना हसलेही होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

जेवणाच्या सुट्टीत मी एक जुनं ड्यूटी कार्ड घेतलं. तळहाताएवढं असतं, मागची बाजू कोरी. तिसऱ्या दरवाज्यावर कोण उभं आहे आणि त्याला नेमकं काय हवंय, एवढं लिहिलं. या चौघांनी काहीच केलं नाही तर संध्याकाळपर्यंत शहरात काय घडेल, ते एका ओळीत लिहिलं. खाली सहा नावं टिपून ठेवली, वाटेत कोणी अचानक उगवलं तर चिकटवायला. ही झाली टाकी आणि ब्रेक. बाकीचं मी टेबलावरच्या लोकांना विचारणार होते. वीस मिनिटं लागली, आणि डबा गरम होता तोवर जेवूनही झालं.

संध्याकाळी घरी आल्यावर फ्रिजवरचा तक्ता काढला. नवा लावला नाही. हे बघत होते.

"खेळाचं काय?"

मी कार्ड दाखवलं.

"एवढ्याशा कार्डावर? तू? जी मिठाच्या डब्यावर मीठ अशी चिठ्ठी लावते?"

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हणाले आणि लेकीच्या दारावर टकटक केली. "चल."

"कुठे?" आतून आवाज आला.

"कुठे नाही. नुसतंच."

ती लगेच नाही आली. चांगली दोन मिनिटं मला उभं केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, कोणाची लेक आहे? मग चपला घालून बाहेर आली आणि आम्ही बस थांब्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत ती म्हणाली, "आई, तुझी नऊ नंबर चार मिनिटं उशिरा आहे."

"चालक," मी म्हणाले, आणि ती हसली.

तिसऱ्या रविवारी मी धास्तावले होते, हे कबूल करते. वही मी माळ्यावर टाकली होती, नाहीतर हात तिकडेच गेला असता. मंडळी दरवाज्यासमोर आली. मी वन्संकडे वळले. "वैदीणबाई, या शहरात तुम्ही तरुणपणी येऊन गेलाय. कोणाशी भांडून निघाला होतात?"

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग जो बांध फुटला! पहारेकऱ्याची आई, मोडलेली सोयरीक, परत न केलेलं पितळी खलबत्त्याचं भांडं, चाळीस मिनिटं. मी नुसतं "मग?" म्हणत होते. भाऊजींना विचारलं, शहरात चोरून कसं शिरता येईल, तर त्यांनी कागद ओढून शहराची अख्खी गटारव्यवस्था काढून दिली, चढउतारासकट. "वहिनी, शहर म्हटलं की सांडपाणी कुठेतरी जाणारच," ते म्हणाले. वीस पानं लिहून मला ते सुचलं नसतं. एकदा मात्र माझी पाटी कोरी झाली. ह्यांनी राजाचं वय विचारलं आणि मला काही म्हणजे काही सुचेना. "तुम्हाला किती वाटतं?" मी उलटा चेंडू टाकला. हे डोळे बारीक करून म्हणाले, "फर्मान हात लांब करून वाचतोय. चाळिशी उलटलेली आहे आणि कबूल करत नाही." तेव्हापासून तो राजा आमच्या सगळ्यांचा लाडका झाला.

मग जमतच गेलं. शुक्रवारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्ड लिहायचं, खिशात टाकायचं आणि रविवारी काढायचं. सूत्रधार म्हणून नऊ वर्षांत मी इतकी चांगली कधीच नव्हते, आणि हे मी सांगत नाही, वन्सं जाग्या राहिल्या त्यावरून सांगते. संध्याकाळ तर सगळी मोकळी. चादर मी निवडली, जाड. ट्रंकेचं कुलूप लेकीनं केसातल्या आकड्यानं उघडलं, आणि मलापण शिकवलं. मला आठ मिनिटं लागली, तिला चाळीस सेकंद. कपड्यांवर वसतिगृहाचा नंबर शिवताना एकदा ती मान खाली घालून म्हणाली, तिथे वर्गात बहुतेक मी एकटीच मुलगी असेन, मला भीती वाटते. माझ्याकडे सल्ले तयार होते, कधी नसतात? पण मी म्हणाले, कशाची वाटते ते सांग, आणि ती अर्धा तास सांगत राहिली.

असा सातवा रविवार आला. मंगळवारी ती निघणार होती. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी माळ्यावरून वही काढली. शेवटाची ती तेवीस पानं फाडून घेतली आणि टेबलाखाली मांडीवर घेऊन बसले. चार रविवार कार्डावर निभावले, पण शेवट म्हणजे शेवट. तो वाऱ्यावर सोडायचा?

साडेसहाला मंडळी सातव्या दरवाज्यापाशी पोहोचली. लेकीनं फासा टाकला, अठरा पडले. "कुलूप उघडलं," मी म्हणाले, आणि हात मांडीवर गेला. पहिलं पान वाचायला डोळे खाली नेले आणि थांबले. सात आठवड्यांपूर्वी मी काय लिहिलं होतं? सातव्या दरवाज्याच्या आत राजवाडा. चार सिंहासनं. चौघं आत जातात, मागे दरवाजा मिटतो, आणि ते चौघं तिथेच राहतात, सुखात, कायमचे. तेवीस पानं लिहिली होती आणि त्या शेवटात कोणी कुठेच जात नव्हतं.

ही पानं मी कोणासाठी लिहिली होती, ते मला तेव्हा कळलं.

पानं मांडीवर उलटी घातली. "कुलूपफोडी," मी म्हणाले, "दार तू उघडलंस. आत काय आहे, ते तूच सांग."

ती फासा बोटांत फिरवत होती, माझा निळा फासा, ज्याला मी एरवी कोणाला हात लावू देत नाही.

"आत काही नाही," ती म्हणाली. "शहर इथे संपतं. हा बाहेर जायचा दरवाजा आहे. पुढे रस्ता आहे आणि लांब पाणी दिसतंय."

"बरं. आणि मग?"

"सरदार, वैदीण आणि गवई इथेच राहतात. त्यांना शहर आवडलंय. मी जाते."

भाऊजी छताकडे बघायला लागले, जणू तिथला नळच गळतोय. वन्संनी नाक शिंकरलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

लेक माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले, पण बघणं सरळ. "आई, याला फासा टाकावा लागेल का? जमतं की नाही बघायला?"

सूत्रधाराचं एक काम असतं जे कुठल्या वहीत बसत नाही: कशाला फासा लागतो आणि कशाला नाही, ते ठरवायचं.

"नाही," मी म्हणाले. "याला फासा लागत नाही. तुला जमतं. जा."

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या गळ्यात पडली. मीही रडले, सगळ्यांसमोर, आणि मांडीवरची तेवीस पानं खाली जमिनीवर पसरली. कोणी वाचली नाहीत. मग मी नाक पुसलं आणि बघितलं, तर निळा फासा तिच्या मुठीतच होता.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "सुट्टीत परत आणायचा."